थिओडोसियसची वंशावळ लेकींकडून मांडा

रोमच्या उतरत्या काळातल्या थिओडोसियस घराण्याची वंशावळ मांडायला बसलेला माणूस साधारण तिसऱ्या पिढीला पेन खाली ठेवतो. थिओडोसियस नावाचे सम्राट दोन. पहिल्याचा बापही थिओडोसियस, आणि बार्सिलोनात तान्हेपणी गेलेला एक नातूही थिओडोसियस. पुल्केरिया दोन, फ्लाचिल्ला तीन, प्लासिडिया दोन, युडोक्सिया दोन, युडोकिया दोन. होनोरियस सम्राट आहे आणि त्याच्या काकाचं नावही होनोरियसच. सातारा आणि कोल्हापूर गाद्यांवरचे शाहू-शिवाजी वेगळे करताना ज्यांची दमछाक झाली आहे, त्यांना हे दुखणं ओळखीचं आहे.

नावांपेक्षा घोळ मांडणीत होतो. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू अशी रेघ ओढायची आपल्याला सवय. इथे ती रेघ तिसऱ्या पिढीत खुंटते. पहिला थिओडोसियस, त्याची मुलं आर्केडियस आणि होनोरियस, आर्केडियसचा मुलगा दुसरा थिओडोसियस, आणि खलास. होनोरियसला मूल नाही, दुसऱ्या थिओडोसियसला वारस मुलगा नाही. तरी ३७९ पासून ४५५ पर्यंत, म्हणजे ७६ वर्षं, रोमच्या गादीवर याच घराण्याचा हक्क धरला गेला आणि त्यानंतरही लोक या रक्ताचं नाव सांगून हक्क मागत राहिले. ही साखळी लेकींनी जोडलेली आहे. म्हणून वंशावळही लेकींकडूनच मांडायची.

कागद मोठा घ्या, ए-थ्री बरा, आणि आडवा धरा. उजवीकडे पूर्वेची राजधानी कॉन्स्टॅन्टिनोपल, डावीकडे पश्चिमेची मिलान-राव्हेना. पुष्कळ जण थोरला भाऊ म्हणून आर्केडियसला डावीकडे घालतात आणि मग नकाशा व वंशावळ एकमेकांकडे पाठ करून बसतात. पूर्व उजवीकडे, हे एकदा ठरवून टाका. बायकांची नावं लाल शाईनं लिहा. प्रत्येक नावाखाली तीन आकडे हवेत: जन्म, ऑगस्टस किंवा ऑगस्टा (म्हणजे सम्राट किंवा सम्राज्ञी हा किताब) झाल्याचं साल, मृत्यू. नुसती कारकीर्द लिहून भागत नाही, कारण इथे बाप जिवंत असतानाच पोरं ऑगस्टस होतात. आर्केडियस ३८३ मध्ये, होनोरियस ३९३ मध्ये. दुसरा थिओडोसियस तर ४०२ मध्ये, वयाचं एक वर्षही पुरं झालेलं नसताना. सासरचं घराणं वेगळ्या चौकटीत ठेवा. ही चौकट पुढे कामाला येते.

आता पहिली गाठ. पहिला थिओडोसियस स्पेनचा, जन्म ३४७ चा. बाप नावाजलेला सेनापती. त्यानं ब्रिटन आणि आफ्रिकेतली बंडं मोडली आणि शेवटी कार्थेजमध्ये त्याचंच डोकं उडवलं गेलं. मुलगा गावी जाऊन बसला. ९ ऑगस्ट ३७८ ला ॲड्रियानोपलला गॉथ टोळ्यांनी पूर्वेचा सम्राट व्हॅलेन्स आणि त्याची फौज कापून काढली, तेव्हा पश्चिमेच्या ग्रेशियनला अनुभवी माणूस हवा होता. १९ जानेवारी ३७९ ला सिर्मियममध्ये थिओडोसियस ऑगस्टस झाला. म्हणजे हा गादीवर रक्तानं आलेला नाही, नेमलेला आहे. राजघराणं होतं ते व्हॅलेंटिनियनचं. फ्लाचिल्ला ही पहिली बायको ३८६ मध्ये गेली आणि ३८७ मध्ये थिओडोसियसनं गालाशी लग्न केलं. ही गाला पहिल्या व्हॅलेंटिनियनची मुलगी. तिची मुलगी गाला प्लासिडिया. कागदावर या एका लग्नाभोवती जाड चौकट करा. प्लासिडियानं पुढे आपल्या मुलाचं नाव व्हॅलेंटिनियन का ठेवलं, याचं उत्तर इथे आहे: ते तिच्या आईच्या बापाचं नाव. आर्केडियस-होनोरियसच्या अंगात हे जुनं राजरक्त नव्हतं, त्यांच्या सावत्र बहिणीच्या अंगात होतं.

ज्येष्ठता कशी वाचायची यासाठी एक वस्तू जवळून बघण्यासारखी आहे. १८४७ मध्ये स्पेनमध्ये अल्मेंद्रालेहोला चांदीची एक परात सापडली. ७४ सेंटिमीटर रुंद, वजन १५ किलोच्या आसपास, मधोमध दुमडलेली. ती आता माद्रिदला आहे. मागच्या बाजूला वजनही कोरलंय, ५० रोमन पौंड. थिओडोसियसच्या कारकिर्दीला दहावं वर्ष लागलं तेव्हाची, म्हणजे ३८८ ची ही परात. मधे थिओडोसियस भलामोठा, दोन बाजूंना गालाचा भाऊ दुसरा व्हॅलेंटिनियन आणि आर्केडियस, दोघेही आकारानं लहान. गंमत अशी की व्हॅलेंटिनियन ३७५ पासून ऑगस्टस, म्हणजे थिओडोसियसला तीन वर्षांहून जास्त ज्येष्ठ. त्या काळच्या कायद्यांच्या मथळ्यांत नावांचा क्रम बरोब्बर तसाच येतो: व्हॅलेंटिनियन, थिओडोसियस, आर्केडियस. कागदावर ज्येष्ठता एकाची आणि परातीवर हुकूम दुसऱ्याचा. कुठलाही पुरावा हातात घेताना तो कायद्याचा मथळा आहे की भेट म्हणून वाटलेली वस्तू, हे आधी बघावं.

मथळ्यांवरून आठवलं. 'आर्केडियस आणि होनोरियस यांचा कायदा' असं वाचून दोघांनी बसून कायदा केला असं समजू नका. कायदा कुठल्याही दरबारात निघो, वर नावं सगळ्या ऑगस्टसांची. खरा दरबार कळतो तो खालच्या ओळीवरून, कुठे दिला गेला त्या गावाच्या नावावरून. कॉन्स्टॅन्टिनोपल असेल तर आर्केडियसचा, मिलान किंवा राव्हेना असेल तर होनोरियसचा. तारखा मात्र डोळे झाकून घेऊ नयेत. नकला करताना वर्षं चुकलेली आहेत, आणि मेलेल्या माणसाच्या नावे निघालेले कायदेही सापडतात.

पहिला थिओडोसियस १७ जानेवारी ३९५ ला मिलानला वारला. 'अखंड साम्राज्याचा शेवटचा एकछत्री सम्राट' हे बिरुद त्याला सर्रास लावतात, पण हिशेब केला तर ती एकछत्री अंमलदारी भरते जेमतेम चार महिन्यांची, सप्टेंबर ३९४ मधल्या फ्रिगिडसच्या लढाईपासून मरेपर्यंत. तेव्हाही दोन्ही पोरं ऑगस्टस होतीच. ३९५ ला साम्राज्याची फाळणी झाली, हेही पाठ्यपुस्तकी वाक्य. फौज आणि कारभार वाटून घेण्याचा प्रकार पहिल्या व्हॅलेंटिनियननं आणि व्हॅलेन्सनं ३६४ मध्येच केला होता. कायद्यानं साम्राज्य एकच राहिलं. आपल्याकडे समजायला सोपं उदाहरण मिरजेचं: पटवर्धनांची थोरली पाती आणि धाकटी पाती. घराणं एक, आडनाव एक, पण दफ्तर, खजिना आणि शिबंदी वेगळी. कॉन्स्टॅन्टिनोपल ही थोरली पाती, आर्केडियसची. पश्चिम ही धाकटी, होनोरियसची.

पाती पडल्या की भांडण लागतं ते शिवेवर. इथे शीव म्हणजे इलिरिकम, आजच्या बाल्कनचा पट्टा. सातारा आणि कोल्हापूरला १७३१ मध्ये वारणेच्या तहानं नदी तरी हद्द म्हणून मिळाली; हरिपूरला संगमावर उभं राहिलं की ती हद्द डोळ्यांनी दिसते. इलिरिकमला अशी सोय नव्हती. शिवाय सैन्यभरतीसाठी सगळ्यात चांगला मुलूख तोच. पश्चिमेचा कारभारी स्टिलिको म्हणे, मरताना थिओडोसियसनं दोन्ही पोरं माझ्या ओटीत घातली. पूर्वेचे कारभारी म्हणत, तुम्ही तुमचं बघा. मधल्या मुलखात ॲलरिक आणि त्याचे गॉथ. आज एका दरबाराची सनद, उद्या दुसऱ्याची. १५ वर्षांत तो रोमच्या दारात पोचला, त्याचं अर्धं कारण या भाऊबंदकीत आहे.

गादीवरच्यांची वयं एकदा ओळीनं लिहून बघा. बाप मेला तेव्हा आर्केडियस १७-१८ वर्षांचा, होनोरियस १० वर्षांचा. ४०८ मध्ये दुसरा थिओडोसियस ७ वर्षांचा. ४२५ मध्ये तिसरा व्हॅलेंटिनियन ६ वर्षांचा. लढाईवर फौज घेऊन जाणारा सम्राट पहिल्या थिओडोसियसनंतर या रक्तात झालाच नाही. छत्रपती साताऱ्यात आणि कारभार पुण्यात, हे आपण पाहिलेलं आहे. तसंच सम्राट राव्हेनात आणि फौज सेनापतीच्या हातात. मग सेनापतीनंच गादी का घेतली नाही? स्टिलिकोचा बाप व्हँडल टोळीतला होता. पूर्वेचा सेनापती ॲस्पार अलान टोळीतला, आणि वर चर्चनं पाखंडी ठरवलेल्या एरियन पंथाचा. अशा माणसाला फौज सेनापती म्हणून मानेल, ऑगस्टस म्हणून मानणं कठीण. मग वाट एकच उरते: सोयरीक.

स्टिलिकोनं ती वाट जेवढी धरता येईल तेवढी धरली. बायको सेरेना, थिओडोसियसच्या भावाची मुलगी. थोरली मुलगी मारिया होनोरियसला दिली, ३९८ मध्ये. ती मेल्यावर धाकटी थर्मान्शिया दिली, ४०८ मध्ये. मुलगा युकेरियससाठी प्लासिडियावर डोळा. सगळं गणित एका नातवावर उभं होतं आणि नातू झालाच नाही. २२ ऑगस्ट ४०८ ला राव्हेनात स्टिलिकोचा शिरच्छेद झाला, युकेरियस मारला गेला, थर्मान्शिया माघारी पाठवली गेली आणि सेरेनाला रोममध्ये गळा आवळून मारलं. दोनच वर्षांनी, २४ ऑगस्ट ४१० ला ॲलरिक रोममध्ये शिरला.

मारियाची शवपेटी ३ फेब्रुवारी १५४४ ला सेंट पीटरच्या बांधकामात सापडली. जरीचं वस्त्र, दागिने, स्फटिकाची भांडी. जर वितळवून सोनं काढलं, बाकीचं पांगलं. उरलेल्यांत एक लॉकेट आहे, पॅरिसच्या लुव्रमधलं: त्यावर होनोरियस, मारिया, स्टिलिको, सेरेना ही नावं क्रूसासारखी आडवी-उभी गुंफून 'दीर्घायु व्हा' असं लिहिलंय. सासऱ्याचं नाव जावयाच्या इतकं जवळ कोरलेलं दुसरं काही माझ्या माहितीत नाही.

आता कागदाच्या डाव्या अर्ध्यात प्लासिडिया. हिच्यासाठी जागा जास्त सोडा. रोमच्या वेढ्याच्या सुमारास ती गॉथांच्या हाती पडली. जानेवारी ४१४ मध्ये नारबोनला ॲलरिकचा मेहुणा अथाउल्फ याच्याशी लग्न. मुलाचं नाव थिओडोसियस, आजोबांचं. होनोरियसला मूल नसल्यानं या नावाचा अर्थ सगळ्यांना कळला. पोर तान्हेपणीच गेलं, अथाउल्फही ४१५ मध्ये मारला गेला, आणि ४१६ मध्ये ६ लाख मोडियस धान्याच्या बदल्यात गॉथांनी तिला परत पाठवलं. एक मोडियस म्हणजे साधारण साडेसहा किलो गहू. एकूण ३,९०० टनांच्या वर, म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डात दहा टनी गाड्या लावल्या तर चारशेच्या आसपास गाड्या. नुसती खंडणी म्हणून हा आकडा वाचला तर चूक होते. गॉथ उपाशी होते, त्यांची बंदरं आणि रसद सेनापती कॉन्स्टॅन्टियसनं तोडली होती, म्हणून मागणी सोन्याची न येता धान्याची आली.

त्याच कॉन्स्टॅन्टियसशी १ जानेवारी ४१७ ला तिचं दुसरं लग्न झालं, तिच्या मनाविरुद्ध. होनोरिया आणि व्हॅलेंटिनियन ही दोन मुलं. स्टिलिकोला जे जमलं नाही ते याला जमलं: बायकोच्या हक्कावर ८ फेब्रुवारी ४२१ ला ऑगस्टस. पण थोरल्या पातीनं मान्यता दिली नाही आणि सात महिन्यांत तो मेलाही. होनोरियस ४२३ मध्ये गेला, तेव्हा भावाशी बिनसून प्लासिडिया मुलांसह कॉन्स्टॅन्टिनोपललाच होती. राव्हेनात जॉन नावाचा एक अधिकारी गादीवर बसला. दुसऱ्या थिओडोसियसला पश्चिम स्वतःकडे ठेवता आली असती. त्यानं फौज देऊन आत्याच्या मुलाला गादीवर बसवलं. २३ ऑक्टोबर ४२४ ला थेस्सलोनिकात व्हॅलेंटिनियन सीझर, म्हणजे दुय्यम सम्राट, झाला आणि बरोबर एक वर्षानं रोममध्ये ऑगस्टस. त्याच वेळी त्याची सोयरीकही पक्की: थिओडोसियसची मुलगी लिसिनिया युडोक्सिया, तेव्हा दोन-तीन वर्षांची. लग्न ४३७ मध्ये लागलं आणि दोन्ही पाती एका बोहल्यावर आल्या. सहाव्या शतकातल्या कॅसिओडोरस या लेखकानं पुढे टोमणा मारलाय की प्लासिडियानं इलिरिकम घालवून सून आणली. शीवेचं भांडण मिटलं ते असं.

सोन्याचं मात्र सविस्तर बोलायला हवं, आणि त्यात विटा-खानापूर-आटपाडीकडच्या, सोनं गाळून शुद्ध करणाऱ्या गलाईवाल्यांना कुणी काही शिकवायला नको. सॉलिडस या सोन्याच्या नाण्याच्या तळाशी 'कॉनोब' अशी अक्षरं असतात. 'कॉन' म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपल. 'ओब' म्हणजे ओब्रीझम, तावून काढलेलं सोनं. ही दोन अक्षरं आली ती ३६० च्या दशकाच्या शेवटी, व्हॅलेंटिनियन आणि व्हॅलेन्सच्या वेळी. कारण अगदी व्यवहारी होतं. करात आलेले सॉलिडस तसेच तिजोरीत जात आणि तसेच पगारात बाहेर पडत. वाटेत हिणकस, कातरलेली नाणी घुसत. म्हणून हुकूम निघाला: करात आलेली नाणी नाणी म्हणून पुढे पाठवायची नाहीत, मुशीत घालून वितळवायची, लगड करायची, शुद्ध करायची आणि मग नव्यानं पाडायची. सॉलिडसचा टंच यानंतर ९८-९९ पर्यंत गेला. तेजाब तेव्हा नव्हतं. शिसं घालून हीण काढता येतं, पण चांदी सोन्याला चिकटून राहते. ती काढायला सोन्याचे पातळ पत्रे मीठ आणि विटेच्या भुकटीत पुरून बराच काळ तापवत. आच कमी पडली की चांदी राहते, जास्त झाली की पत्रा वितळून सगळा मसाला वाया. गलाईचं दुकान चालवणाऱ्याला यातली जोखीम वेगळी सांगावी लागत नाही. आणखी एक मजा: ग्रीक आकडेमोडीत ओ म्हणजे ७० आणि बी म्हणजे २. एका रोमन पौंडातून सॉलिडस पाडायचे तेही ७२.

पौंड साधारण ३२४ ग्रॅमचा, म्हणून सॉलिडस साडेचार ग्रॅमचा. जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्यात अडीचच्या थोडे वर बसतात. आकार आपल्या एक रुपयाच्या नाण्याच्या आसपास. वजन कमी भरलं तर आधी कड बघा, कातरलेली असते. हे तेव्हाही चालायचं; वाद मिटवायला शहरोशहरी सरकारी तोलणारे नेमण्याचा कायदा सम्राट जुलियननं ३६३ मध्येच केला होता. भारतात सापडलेल्या रोमन सोन्याच्या नाण्यांना पुष्कळदा भोकं पाडलेली दिसतात, गळ्यात घालण्यासाठी. तांब्याची एक-एक ग्रॅमची बारीक नाणी, थिओडोसियस-आर्केडियस-होनोरियसची, तमिळनाडू आणि श्रीलंकेत भरपूर मिळाली आहेत. त्यांत स्थानिक नकलाही आहेत.

हा हिशेब हातात असला की हूणांचा राजा ॲटिला याचे आकडे वाचता येतात. हूणांना पूर्वेचा दरबार आधी वर्षाला ३५० पौंड सोनं देई. म्हणजे ११३ किलो, २५,२०० सॉलिडस. ४३० च्या दशकात ते ७०० झालं. ४४० च्या दशकात २,१०० पौंड, म्हणजे ६८० किलो, दीड लाखाच्या वर सॉलिडस, शिवाय मागची बाकी म्हणून ६,००० पौंड एकरकमी, जवळपास दोन टन. दरबार एवढं देऊ शकला हेच खरं बघण्यासारखं आहे. इजिप्त, सिरिया आणि आशिया मायनरचा कर थोरल्या पातीकडे शाबूत होता. धाकटीनं १९ ऑक्टोबर ४३९ ला कार्थेज गमावलं आणि त्याबरोबर आफ्रिकेचं धान्य आणि महसूलही. कर नाही म्हणून फौज नाही, आणि फौज नाही म्हणून उरलेला करही जातो.

नाण्यावरून माणूस ओळखताना होणाऱ्या चुका नेहमीच्याच. दोन थिओडोसियस वेगळे करायची सोपी खूण चेहऱ्यात आहे: पहिला एका बाजूनं दिसतो, कपाळाला पट्टा. दुसरा पूर्वेच्या नाण्यांवर समोरून दिसतो, शिरस्त्राण, खांद्यावर भाला, त्याच्या डाव्या हाताला ढाल. हा समोरचा चेहरा आर्केडियसच्या वेळी रुळला. पश्चिमेनं बाजूचा चेहरा सोडला नाही, त्यामुळे ही खूण पूर्वेच्या टांकसाळींपुरतीच. पश्चिमेच्या नाण्यावर मधल्या मोकळ्या जागेत दोन अक्षरं शोधा: 'आरव्ही' राव्हेना, 'एमडी' मिलान, 'आरएम' रोम. मागच्या बाजूच्या लेखात ऑगस्टसचं लघुरूप देताना जितके सम्राट तितके 'जी' असा मूळ नियम. पण तीन 'जी' एवढे रूढ झाले की सम्राट दोनच असतानाही तीन पडत राहिले. 'जी' मोजून काळ ठरवणारा हमखास फसतो. ४३७ च्या लग्नाचं नाणं मात्र चुकणं शक्य नाही: मधे थिओडोसियस, एका बाजूला जावई, दुसरीकडे मुलगी, आणि शुभेच्छेच्या लेखात शुद्धलेखनाची चूक, पी च्या जागी बी. पुढे ४५० च्या लग्नाच्या नाण्यावरही तीच चूक जशीच्या तशी उतरली.

दुसऱ्या थिओडोसियसबद्दल लोक दुर्बळ म्हणून बोलतात आणि त्याच तोंडानं त्याच्या भिंतींचं कौतुक करतात. कॉन्स्टॅन्टिनोपलची ही भिंत बांधली ती प्रीफेक्ट, म्हणजे मुख्य कारभारी, अँथेमियसच्या देखरेखीखाली, ४१३ मध्ये काम झालं तेव्हा सम्राट १२ वर्षांचा. आतली भिंत १२ मीटर उंच, ९६ बुरूज, जमिनीकडची लांबी ६ किलोमीटरच्या आसपास. ४४७ च्या भूकंपात ५७ बुरूज ढासळले, ॲटिला चालून येत होता, आणि ६० दिवसांत डागडुजी पुरी केल्याचा शिलालेख आहे. कायदेसंहितेचं काम ४२९ मध्ये सुरू केलं, ४३८ मध्ये जाहीर, १ जानेवारी ४३९ पासून लागू, १६ भाग. डिसेंबर ४३८ मध्ये रोमच्या सेनेटमध्ये ती वाचली गेली त्या बैठकीचं इतिवृत्त शिल्लक आहे. त्यात कुठली घोषणा सभासदांनी किती वेळा दिली याचे आकडेसुद्धा टिपले आहेत! आपल्याकडच्या कारखान्यांच्या वार्षिक सभेत 'मंजूर, मंजूर' मोजत नाहीत एवढाच फरक.

पण या दरबारातला खरा मुरब्बी माणूस पुल्केरिया, थिओडोसियसची थोरली बहीण. ४१४ मध्ये १५ व्या वर्षी ऑगस्टा. तिनं आजन्म कुमारी राहण्याचं व्रत घेतलं आणि आर्केडिया, मरिना या धाकट्या बहिणींनाही तेच घ्यायला लावलं. धर्मनिष्ठा असेलच, पण हिशेबही आहे: वर नाही म्हणजे मेहुणा नाही, आणि मेहुणा नाही म्हणजे गादीचा दावेदार नाही. धाकट्या पातीत प्लासिडियाच्या मुलीवर, होनोरियावर, असाच निर्बंध घातला आणि तो उलटला. तिचं कारभाऱ्याशी प्रकरण उघडकीला आलं, त्याला मारलं, तिची एका सेनेटरशी सोयरीक लावली, आणि ४५० मध्ये तिनं ॲटिलाला अंगठी पाठवून मदत मागितली. ॲटिलानं ती मागणी समजून अर्धी पश्चिम आंदण मागितली.

त्याच वर्षी २८ जुलैला थिओडोसियस घोड्यावरून पडून मेला. पुल्केरियानं मार्शियन नावाच्या अधिकाऱ्याशी लग्न केलं, व्रत मोडणार नाही या अटीवर, आणि त्याला गादी मिळाली. नवऱ्यानं हूणांची खंडणी बंद केली. ४५३ मध्ये पुल्केरिया गेली. धाकट्या पातीत २१ सप्टेंबर ४५४ ला व्हॅलेंटिनियननं स्वतःच्या हातानं सेनापती एटियसला कापलं. १६ मार्च ४५५ ला एटियसच्याच जुन्या माणसांनी व्हॅलेंटिनियनला मारलं.

इथे बहुतेक वंशावळी थांबतात. लाल शाईची रेघ पुढे चालू ठेवा. ४५५ च्या जूनमध्ये व्हँडलांनी १४ दिवस रोम लुटलं आणि लिसिनिया युडोक्सियाला तिच्या दोन मुलींसह कार्थेजला नेलं. थोरली युडोकिया व्हँडल राजपुत्र हुनेरिकला दिली. तिचा मुलगा हिल्डेरिक ५२३ ते ५३० व्हँडलांचा राजा होता, आणि त्याला गादीवरून ओढलं हेच निमित्त करून पूर्वेचा सम्राट जस्टिनियन यानं आफ्रिकेवर आरमार धाडलं. धाकटी प्लासिडिया सेनेटर ओलिब्रियसची बायको. तो ४७२ मध्ये थोडे महिने पश्चिमेचा सम्राट झाला. त्यांची मुलगी अनिशिया जुलियाना. रेघ पाहा: दुसऱ्या थिओडोसियसची बायको युडोकिया, तिची लेक लिसिनिया युडोक्सिया, तिची लेक प्लासिडिया, तिची लेक जुलियाना. चारही नावं लाल.

जुलियानाचं चित्र आजही बघता येतं. वनौषधींवरच्या डायोस्कोरिडीसच्या ग्रंथाची इ. स. ५१२ च्या सुमाराची सचित्र प्रत व्हिएन्नात आहे, आणि तिच्या सुरुवातीच्या पानांत ती बसलेली आहे. पणजीनं उभारलेल्या जागी तिनं कॉन्स्टॅन्टिनोपलला सेंट पॉलियुक्टसचं भलं मोठं चर्च बांधलं आणि भिंतींवर ७६ ओळींची कविता कोरवून घेतली, त्यात युडोकियाचं नाव घालून. कोरीव दगड इस्तंबूलमध्ये १९६० मध्ये रस्त्याच्या कामात वर आले. जुलियानाच्या अखेरच्या दिवसांत गादीवर हलक्या घरातून आलेला जस्टिनियन होता. तूरच्या ग्रेगरी या इतिहासकारानं लिहिलंय की त्यानं म्हाताऱ्या जुलियानाकडे तिचं सोनं खजिन्यासाठी मागितलं. तिनं थोडा वेळ मागून घेतला, सोनार बोलावले, घरातलं होतं नव्हतं ते सोनं ठोकून पत्रे केले आणि चर्चच्या छताला जडवले. मग सम्राटाला तिथे नेऊन वर बोट दाखवलं: हे माझं सोनं, न्यायचं असेल तर घेऊन जा. तो शरमला, तेव्हा तिनं हातातली पाचूची अंगठी तेवढी काढून त्याला दिली.